बी साइड

आडनाव दूडम.
म्हणजे निम्मा ढोल जन्मतःच गळ्यात,
नायना म्हणायचे, आता फक्त गायचं राहिलंय.

चौघं आम्ही. थोरली श्रीलता, मग मी, मग नागेश,
आणि वेणू, वय साडेबारा,
ज्याचा आवाज भद्रावती पेठेतल्या पत्र्यांवरून
मांजा तुटलेल्या पतंगासारखा जायचा,
खाली पोरं धावायची.

मामानं मस्कतहून एक टेप आणली होती,
लेबल खरवडलेलं, कोण गातंय कधीच कळलं नाही.
देवाच्या दारातून निघालेलं गाणं
वाटेत नाचायला थांबलेलं, असं काहीतरी.
आम्ही ते पाठ केलं शब्दांशिवाय,
मग शब्द आमचे घातले.
मोजायचो तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू,
गायचो मराठीत,
भांडायला दोन्ही कमी पडायच्या.

पुण्याचा स्टुडिओ तासावर पैसे मागत होता.
नायना जॉबर, त्यांनी शेटजींचं गोदाम मागितलं.
टॉवेल आवाज पितो, म्हणाले.
आणि खरंच, चारी बाजूंनी छतापर्यंत गठ्ठे,
मधल्या खोबणीत आम्ही,
बोललं की शब्द तोंडापाशीच मऊ व्हायचा.
दिवाळीच्या सुट्टीत ए साइड झाली.
टाळ्या अम्माच्या.
दिवसाला हजार विड्या वळणारी बोटं,
ताल कधी चुकला नाही, फक्त तंबाखूनं
मधेच शिंकायची, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मग पैसे संपले. मग वीज जायला लागली.
मग मार्च, परीक्षा.
मेमध्ये पुन्हा गोदामात उभे राहिलो
तर वेणूच्या गळ्यात दुसराच कोणी.

नायनांनी आरडाओरड केली नाही.
धागा तुटला तर माग थांबवतात,
गाठ मारतात, कापड फाडत नाहीत.
त्यांनी त्याच्या ओळी वाटून दिल्या,
वरच्या श्रीलताला, खालच्या नागेशला.
पण चौथ्या गाण्यातली एक
वेणूनं सोडली नाही. माझी आहे, म्हणाला.
त्या ओळीतल्या "वर" या शब्दावर
आवाज फाटला, सरळ, टर्रकन,
श्रीलताला हसू आलं, अम्माचे हात थांबले,
रीळ फिरतच राहिलं.
पुन्हा घ्यायला टेप शिल्लक नव्हती.

पाचशे कॅसेटी काढल्या.
कव्हरवर चौघं, एकाच ताग्यातल्या पांढऱ्या पँटी,
मागे चादरीवरचे मोर.
गड्ड्याच्या जत्रेत, आकाशपाळण्याच्या शेजारी,
एकशे बारा खपल्या.
उरलेल्या शेटजींनी
डझन टॉवेलांवर एक फुकट अशा वाटल्या.
म्हणजे कुठल्या तरी लॉजमध्ये,
हुबळीला, काठमांडूला,
कोणी आंघोळ करून आम्हाला ऐकलं असेल.
नसेलही.

वेणू आता हैदराबादला, विमा विकतो,
फोनवर त्याचा आवाज तळघरातून येतो.
श्रीलता भिवंडीत. नागेशशी आम्ही बोलत नाही,
कारण खोलीचं आहे, गाण्याचं नाही.

माझी मुलगी विचारते, यात तू कुठे?
खरं तर सगळीकडे.
आठ गाणी मी "ऊ" म्हटलंय,
इतरांच्या खाली अंथरलेली,
चादर दिसते, ताणा कोण बघतो.
पण एक जागा आहे.
मी पेन्सिल घालून रीळ मागे फिरवते.
चौथं गाणं. वेणू फाटतो. सगळे थांबतात.
शेजारच्या शेडमधला रात्रपाळीचा माग
खटक खटक ऐकू येतो,
आणि त्यावर, अर्धाच क्षण,
डोळे मिटलेले असल्यामुळे
काय झालं ते न कळलेली एक मुलगी
तशीच गात राहिलेली.

ऐक, म्हणते मी.
नाही ना आलं? थांब,
मला नेहमी उशीरच होतो.
येतेय.